ब्रांकुशीची अट

एखाद्या कलाकाराने आपलं सगळं काम देऊन टाकलं असं ऐकलं की आपल्या डोक्यात एक ठरलेलं चित्र उभं राहतं. म्हातारा, विरक्त माणूस, सगळ्या मोहातून सुटलेला. आपल्याकडे या चित्राला फार मान आहे. दान म्हटलं की पुढे प्रश्न विचारायचे नसतात, हात जोडायचे असतात.

कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी हा शिल्पकार या चित्रात अगदी फिट बसतो. रुमानियातल्या होबित्सा नावाच्या खेड्यात १८७६ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. १९०४ मध्ये पॅरिसला आला. काही काळ रोदँच्या हाताखाली काम केलं आणि मोठ्या झाडाच्या सावलीत काही वाढत नाही, असं म्हणत बाहेर पडला. पांढरी दाढी, पांढरे कपडे, स्वतः बांधलेली चूल, स्वतः घडवलेलं दगडी टेबल. एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने मृत्युपत्र केलं आणि पॅरिसमधला आपला स्टुडिओ आतल्या सगळ्या वस्तूंसकट फ्रेंच सरकारला देऊन टाकला. १६ मार्च १९५७ रोजी तो गेला.

संताची गोष्ट म्हणून ती इथेच संपवता येते. बहुतेक ठिकाणी ती इथेच संपवलीही जाते.

पण त्या मृत्युपत्रात एक अट होती. हा स्टुडिओ माझ्या मृत्यूच्या दिवशी जसा असेल तसाच सरकारने पुन्हा उभारावा. यातला ‘पुन्हा’ महत्त्वाचा, कारण जागा जाणार हे उघड होतं. शेजारच्या नेकेर हॉस्पिटलला विस्तारासाठी जमीन हवी होती आणि स्टुडिओ त्या जमिनीवर उभा होता. म्हणजे जी जागा आज ना उद्या पाडली जाणार, ती दुसरीकडे जशीच्या तशी उभी करा, तर माझं काम तुमचं.

विरक्त माणूस अशी अट घालत नाही. अशी अट तोच घालतो, ज्याला आपल्या वस्तू कुठे, कशाच्या शेजारी, किती उंचीवर, कोणत्या उजेडात राहतील याची मरणानंतरही काळजी आहे. माझं म्हणणं असं, की ही अट हेच ब्रांकुशीचं शेवटचं काम आहे. आणि ते काम असेल, तर त्याच्यापुढे नुसते हात जोडून भागणार नाही. ते कुठे जमलंय आणि कुठे फसलंय हेही बघायला हवं.

बोळातली जागा

पॅरिसच्या पंधराव्या विभागात ‘अँपास रोंसँ’ नावाचा एक बोळ होता. अँपास म्हणजे पुढे वाट नसलेली गल्ली. इथे कलाकारांचे साधे, स्वस्त स्टुडिओ होते. ब्रांकुशी १९१६ मध्ये या बोळातल्या आठ नंबरला आला, पुढे अकरा नंबरला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. चाळीस वर्षं एकाच बोळात. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नवा करणाऱ्या, सामान खोक्यांतून पूर्ण बाहेर न काढणाऱ्या आपल्या पिढीला हा आकडा थोडा परीकथेतला वाटेल.

अकरा नंबरला त्याने हळूहळू शेजारच्या खोल्या जोडून घेतल्या. पहिल्या दोन खोल्यांत तयार शिल्पं मांडलेली असत. नंतर घेतलेल्या खोल्यांत कामाचं टेबल, छिन्न्या, हातोडे, करवती. जेवण तिथेच, झोप तिथेच. पाहुणे आले की चुलीवर मांस भाजलं जाई आणि मग शिल्पांवरची फडकी एकेक करून उचलली जात.

ब्रांकुशीचं काम कधी पाहिलं नसेल, तर फोनवर त्याच्या ‘अवकाशातला पक्षी’ या मालिकेतलं कुठलंही शिल्प शोधून पाहा. पंख नाहीत, चोच नाही, डोळे नाहीत. तळाशी निमुळता होत गेलेला आणि वर जाताना किंचित फुगून पुन्हा बारीक झालेला एक उभा आकार आहे, इतका घासलेला की पितळी पृष्ठभागावर समोरची खोली दिसते. पक्षी नाही, त्याचं उडणं घडवलेलं आहे. १९२६ साली अशातला एक पक्षी अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्यांना ही कला आहे हेच पटेना. कलाकृतीवर कर नव्हता, पण त्यांनी हा पक्षी स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं सामान या वर्गात टाकून चाळीस टक्के कर लावला. खटला झाला आणि १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. पुढे त्याच्या स्टुडिओच्या जागेवरही एका हॉस्पिटलनेच दावा सांगावा, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात राहतो.

आता त्या फोटोत पक्ष्याच्या खाली बघा. पक्षी एका दंडगोलावर उभा आहे, तो दंडगोल क्रॉसच्या आकाराच्या दगडावर, तो दगड लाकडाच्या ओंडक्यावर. इतर शिल्पकारांसाठी शिल्पाखालची बैठक म्हणजे टेकू. ब्रांकुशीसाठी बैठक हेही शिल्पच होतं. कधी बैठक शिल्प होई, कधी शिल्प दुसऱ्याची बैठक. एकावर एक ठोकळे रचत जाण्याच्या या खेळातूनच त्याचा ‘अंतहीन स्तंभ’ तयार झाला.

म्हणून त्याच्या स्टुडिओत प्रत्येक वस्तूची जागा हा कलेचाच प्रश्न होता. तो वस्तू रोज हलवायचा. हा पक्षी त्या डोक्याच्या शेजारी कसा दिसतो, सकाळच्या उजेडात कसा, संध्याकाळी कसा. एखादं शिल्प विकलं गेलं, तर तो त्याच्या जागी प्लास्टरची प्रत उभी करायचा, म्हणजे मांडणीत भोक पडणार नाही. शेवटच्या वर्षांत तर त्याने नवीन शिल्पं करणंच थांबवलं. फक्त असलेल्या शिल्पांमधली अंतरं जुळवत राहिला.

एवढं कळलं की मृत्युपत्रातली अट विचित्र वाटत नाही. त्याच्या लेखी सुटी शिल्पं हे काम नव्हतंच. शिल्पांच्या मधली जागाही कामात धरलेली होती. आणि मधली जागा विकता येत नाही. ती द्यायची तर सगळंच द्यावं लागतं.

इंदूरचे तीन पक्षी

काम एकत्र राहिलं नाही तर काय होतं, हे त्याने आधी पाहिलं होतं. त्याचा मोठा अमेरिकन ग्राहक जॉन क्विन १९२४ मध्ये वारला. क्विनकडची ब्रांकुशीची शिल्पं एकदम बाजारात येऊन मातीमोल होणार असं दिसलं, तेव्हा मार्सेल द्युशाँ आणि आँरी-पिएर रोशे या दोघा मित्रांनी ती विकत घेऊन अनर्थ टाळला.

याच रोशेमुळे ब्रांकुशीची गाठ इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी पडली. हे दुसरे यशवंतराव, अहिल्याबाईंच्या घराण्यातले. ऑक्सफर्डला शिकलेले, अगदी तरुणपणीच गादीवर आलेले. त्यांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतला. आत स्टील, काच, आधुनिक फर्निचर. तो काळ बघता हे कोणत्याही युरोपीय श्रीमंतापेक्षा पुढचं पाऊल होतं. मराठी संस्थानिकांच्या गोष्टी म्हणजे तलवारी, हत्ती आणि पंगती अशी आपली समजूत असते. तिच्यात माणिकबाग बसत नाही, म्हणून आपण ती विसरूनही गेलो.

यशवंतरावांनी ब्रांकुशीचे तीन पक्षी घेतले. एक काळ्या संगमरवरातला, एक पांढऱ्या संगमरवरातला, एक ब्राँझचा. पण तीन शिल्पं घेऊन दिवाणखान्यात ठेवायची, एवढाच बेत नव्हता. त्यांच्यासाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचं ठरत होतं. खिडक्या नसलेली छोटी वास्तू, जमिनीखालून आत येणारी वाट, मध्ये पाणी, पाण्याभोवती पक्षी आणि वरून येणारा उजेड. ब्रांकुशीसाठी ही स्वप्नातली संधी होती. वस्तू, बैठक, पाणी, उजेड आणि बघणारा माणूस, सगळ्यांची जागा एकदाच आणि कायमची ठरवायची संधी.

१९३८ च्या सुरुवातीला तो त्यासाठी इंदूरला आला. पण वेळ वाईट होती. यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताराजे १९३७ मध्ये अगदी तरुण वयात वारल्या होत्या. काम पुढे सरकलं नाही. ब्रांकुशी परत गेला आणि मंदिर झालंच नाही.

त्याच वर्षी त्याच्या मायदेशी, तिर्गु जिउ या गावी, त्याच्या हातून जागेचं एक मोठं काम मात्र पार पडलं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ तिथे दगडी टेबल, दगडी कमान आणि सुमारे तीस मीटर उंचीचा अंतहीन स्तंभ उभा राहिला. २०२४ मध्ये हे स्मारक युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ती बैठक भरली होती नवी दिल्लीत. ज्या देशात त्याचं मंदिर राहून गेलं, तिथेच त्याच्या दुसऱ्या जागेवर शिक्कामोर्तब झालं.

आणि ते तीन पक्षी? काळा आणि पांढरा संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. तिथे ते १९७३ मध्ये विकत घेतले गेले. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात, पासाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. एकाच पाण्याभोवती उभे राहायचे तिघे आता एका महासागराच्या दोन काठांवर आहेत. तिघेही सुरक्षित आहेत, नीट राखलेले आहेत. प्रत्येक संग्रहालय म्हणेल, आमच्याकडे ब्रांकुशीची अस्सल कलाकृती आहे. ते खरंही आहे. फक्त त्या तिघांच्या मधली जागा कुठल्याच संग्रहालयात नाही.

इंदूरचं मंदिर फसल्यावर ब्रांकुशीच्या हातात मांडणीची स्वतःची अशी एकच जागा उरली, ती म्हणजे त्या बोळातला स्टुडिओ. मला १९५६ च्या अटीत इंदूर दिसतं ते यामुळे. राजाने जे बांधलं नाही ते त्याने सरकारला बांधायला लावलं. मोबदला म्हणून आयुष्याची कमाई दिली: १३७ शिल्पं, ८७ बैठका, ४१ रेखाटनं, दोन चित्रं आणि सोळाशेहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आणि फोटो. बैठका वेगळ्या मोजल्यात, याकडे लक्ष द्या.

जपलं काय, थांबलं काय

सरकारने शब्द पाळला का? पाळला, पण सावकाश. १९६२ मध्ये तेव्हाच्या आधुनिक कला संग्रहालयात, पॅले द तोक्योमध्ये, स्टुडिओचा एक भाग उभारला गेला. १९७७ मध्ये पाँपिदू केंद्राच्या समोर पूर्ण स्टुडिओ पुन्हा बांधला. तिथे पाणी शिरलं आणि १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. मग पाँपिदूच्याच आर्किटेक्टांपैकी एक असलेल्या रेन्झो पियानोने नवी इमारत केली आणि १९९७ मध्ये स्टुडिओ उघडला.

पियानोचं काम सभ्य आहे. त्याने बोळाची नक्कल केली नाही, भिंतींना खोटा जुनेपणा दिला नाही. मधोमध स्टुडिओच्या खोल्या, वरून येणारा नैसर्गिक उजेड, बाजूला लहानशी भिंतबंद बाग आणि खोल्यांच्या भोवती फिरायची वाट. वाट आणि खोली यांच्या मध्ये काच.

ही काच सोयीची आहे. ती नसती तर ही नाजूक मांडणी महिनाभर टिकली नसती. पण ब्रांकुशीची अट कुठे तुटते तेही ही काचच दाखवते. स्टुडिओत येणारा माणूस शिल्पांच्या मधून चालायचा. चकचकीत ब्राँझमध्ये त्याचा चेहरा वाकडातिकडा होऊन दिसायचा. ‘लेडा’ हे शिल्प तर गोल तबकडीवर मोटरने हळूहळू फिरायचं आणि फिरताना अख्खी खोली अंगावरून ओघळवायचं. तिथे बघणारा माणूस मांडणीचा भाग होता. पियानोच्या इमारतीत तो बाहेर उभा राहिला, काचेला नाक लावून.

पण यात दोष सगळा काचेचा नाही. अर्धा दोष अटीतच आहे. ‘मृत्यूच्या दिवशी जसा असेल तसा’ म्हणजे कोणता स्टुडिओ? जो माणूस रोज वस्तू हलवायचा त्याच्या स्टुडिओची ‘खरी’ स्थिती एका दिवसाची कशी असेल? १६ मार्च १९५७ ची मांडणी ही त्या दिवसाची मांडणी होती. जगला असता तर १७ तारखेला त्याने पक्षी दोन इंच सरकवला असता. हलण्यावर जगलेलं काम जपण्यासाठी त्याने त्याचं हलणंच बंद करायला सांगितलं. हातात दुसरा उपाय नव्हता हे मान्य. कायद्याला तारीख कळते, सवय कळत नाही. पण परिणाम हाच झाला की मृत्युपत्राने खोली वाचवली आणि खोलीत चाळीस वर्षं चाललेली हालचाल गेली.

ती हालचाल दुसरीकडे मात्र शिल्लक आहे, आणि तीही याच देणगीत. त्या सोळाशेवर निगेटिव्ह आणि फोटोंमध्ये. ब्रांकुशीला इतरांनी काढलेले आपल्या शिल्पांचे फोटो आवडायचे नाहीत. मॅन रेच्या मदतीने त्याने कॅमेरा घेतला, डार्करूम केली आणि स्वतःच फोटो काढायला लागला. रूढ अर्थाने ते ‘चांगले’ नाहीत. काही धूसर आहेत, काहींत ब्राँझवर उजेडाचा असा भडका उडालाय की शिल्पच हरवतं. पण त्यांत तोच पक्षी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगळ्या सोबतीत, वेगळ्या वेळी दिसतो. एखादा स्तंभ कधी खोलीच्या मध्यावर, कधी कोपऱ्यात. हे एकामागून एक पाहताना कळतं की ही खोली म्हणजे चाललेलं संभाषण होतं. उभारलेला स्टुडिओ म्हणजे त्यातलं शेवटचं वाक्य.

म्हणून मला वाटतं, ब्रांकुशी समजून घ्यायला फोनच्या स्क्रीनवर हे फोटो पाहणं ही दुय्यम गोष्ट नाही. पॅरिसला न गेलेल्याने वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. खोली जे दाखवू शकत नाही ते फोटो दाखवतात.

बोळ देता येत नाही

आणखी एक गोष्ट या देणगीच्या गोष्टीतून सहसा गळते. त्या बोळात ब्रांकुशी एकटा नव्हता.

शेवटच्या आजारपणात त्याची काळजी घेणारे नतालिया दुमित्रेस्को आणि अलेक्झांद्र इस्त्राती हे रुमानियन चित्रकार दांपत्य तिथेच, शेजारी राहायचं. १९५५ च्या सुमारास जाँ तँगली तिथे आला आणि भंगारातून खडखडणारी यंत्रशिल्पं करू लागला. निकी द सँ फाल याच बोळात काम करायची. प्लास्टरखाली रंगाच्या पिशव्या लपवून त्यांवर बंदूक झाडायची आणि फुटलेला रंग ओघळू द्यायचा, ही तिची गाजलेली चित्रं १९६१ मध्ये या बोळात सुरू झाली. म्हणजे ब्रांकुशी गेल्यावर चार वर्षांनीही ही जागा नवं काही जन्माला घालत होती. एकीकडे त्याच्या खोलीची पुनर्बांधणी कशी करायची याचा विचार चालू असताना दुसरीकडे बोळ जिवंत होता. आणि तो जाणार होता.

गेलाच. हॉस्पिटल वाढलं. त्या हॉस्पिटलबद्दल तक्रार करणं सोपं नाही. नेकेर हे लहान मुलांचं जुनं, नावाजलेलं हॉस्पिटल आहे. आजारी मुलाचा बेड आणि शिल्पकाराचा स्टुडिओ यांत निवड करायला सांगितली तर आपण सगळे एकच उत्तर देऊ, आणि ते बरोबर असेल. कलाकारांच्या जागा जातात तेव्हा समोर प्रत्येक वेळी खलनायक बिल्डर असतो असं नाही.

तरीही फरक नोंदवायला हवा. नामांकित माणसाची खोली सरकार वाचवू शकतं, कारण खोलीला यादी असते. १३७ शिल्पं, ८७ बैठका. बोळाला यादी नसते. शेजारच्याकडून उसनी आणलेली करवत, कमी भाडं, रात्री आवाज केला तर चालतो ही खात्री, समोरच्या दारातून डोकावून ‘हे काय करतोस?’ असं विचारणारा म्हातारा, यांतलं काहीच मृत्युपत्रात लिहिता येत नाही. ब्रांकुशीला विशीपार झाल्यावर पॅरिसमध्ये अशी जागा मिळाली म्हणून ब्रांकुशी झाला. त्याने दिलेली खोली पियानोच्या इमारतीत कित्येक वर्षं कुणालाही जाऊन बघता येत होती. पण अशा खोलीत राहून काम सुरू करणं पॅरिसमध्ये किती तरुणांना परवडेल, या प्रश्नाचं उत्तर त्या काचेच्या आत नाही.

हा ब्रांकुशीचा दोष म्हणायचा का? माझ्या मते नाही. एका माणसाला एवढंच करता आलं असतं. पण त्याच्या देणगीचं कौतुक करणाऱ्या व्यवस्थेला हा प्रश्न नक्की विचारता येतो. कलाकार गेल्यावर त्याची जागा उभारायला तुमच्याकडे चार दशकं आणि तीन इमारती होत्या. तो जिवंत असताना, शेजाऱ्यांसकट, ती जागा कुठे हलवता आली असती का, याचा विचार कुणी केला?

देणाऱ्याचा हक्क

पाँपिदू केंद्र २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं. ते २०३० पर्यंत बंद राहणार आहे. त्याआधी स्टुडिओही पुन्हा हलवावा लागला आणि त्या निमित्ताने २०२४ मध्ये पाँपिदूमध्ये ब्रांकुशीचं मोठं प्रदर्शन झालं. शिल्पं कित्येक वर्षांनी काचेबाहेर आली, इतर संग्रहालयांतून आलेल्या आपल्याच भावंडांच्या शेजारी उभी राहिली. अटीच्या शब्दाप्रमाणे पाहिलं तर हा मांडणीचा भंग. ब्रांकुशीच्या रोजच्या सवयीप्रमाणे पाहिलं तर इतक्या वर्षांनी कुणीतरी पक्षी सरकवला.

या गोंधळातही अटीचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. अट होती म्हणून हलवायला काहीतरी एकत्र उरलं. इंदूरच्या पक्ष्यांसाठी कुणी अशी अट घातली नव्हती. त्यामुळे आज कॅनबेरा आणि पासाडीनाला एकमेकांशी बोलायचं काही कारण उरलेलं नाही.

जागा जाते तेव्हा कलाकारावर घाईने देऊन टाकण्याची वेळ येते. ट्रकचं भाडं परवडत नाही, नवी खोली लहान असते, कुणीतरी म्हणतं ‘मला दे, मी ठेवतो’. अशा वेळी घेणारा उपकार करतोय असं वाटतं आणि देणारा गप्प बसतो. ब्रांकुशी गप्प बसला नाही, ही त्याच्या देणगीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हातातून जागा चाललेली, तब्येत खालावलेली, समोर एक अख्खं सरकार. तरी त्याने सांगितलं की हे घ्या, पण हे कशाच्या शेजारी उभं राहील ते मी ठरवणार. त्याला अर्धंच यश आलं. पण त्याने अट घातली नसती तर १३७ शिल्पं १३७ ठिकाणी गेली असती, आणि ८७ बैठका बहुधा कुणी मोजल्याही नसत्या.